सोळा रेघांचे पाणी

पाणी हेच जीवन, यावर वेद, वैद्य आणि नगरपालिका या तिघांचे एकमत आहे. चैत्राच्या अखेरीस चार दिवस परभणी जिल्ह्यात हिंडून आल्यावर या मताला मी एक दुरुस्ती सुचवू इच्छितो. त्या दिवसांत तिथल्या विहिरींचे तळ दिसू लागतात, बायका घागरी घेऊन मैलमैल जातात, आणि तरीही पाहुण्याचा पाय उंबऱ्याला लागायच्या आत पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे येतो. आमच्या प्रवासातले संकट म्हणजे हा तांब्या. एक अख्खा दिवस आम्ही दोघे पाण्यापासून पळत होतो.

दोघे म्हणजे मी आणि दाजी. दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार ताडकळस. निजामाच्या अमलात ते पैमाइशीत (जमीनमोजणीच्या खात्यात) होते आणि साखळी ओढत त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला होता. पुढे निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. शेतांच्या हद्दी मात्र आपण घातल्या तिथेच आहेत, असे ते मिशीवर हात ठेवून सांगत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर आली. हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. औषध असे नाही. मीठ बंद, डाळ नावापुरती, दिवसाला चार फुलपात्री पाणी. चहा, ताक, औषध सगळे त्यातच धरायचे. आणि पूर्ण विश्रांती.

“पडून राहिलात तर दिवस जास्त मिळतील,” डॉक्टर म्हणाले.

“त्या दिवसांत काय करू?” दाजींनी विचारले.

“पडून राहा.”

दाजींनी घरी येऊन एक पितळी फुलपात्र घेतले आणि खिळ्याने त्याच्या आतल्या बाजूला सारख्या अंतरावर चार रेघा ओढल्या. चार फुलपात्री म्हणजे दिवसाच्या सोळा रेघा. मोजणी खात्यातला माणूस. हद्द एकदा आखली की पाळायची. मी पुण्याहून शाळेची सुट्टी घेऊन गेलो तेव्हा ते ओसरीच्या आतल्या खोलीत खाटेवर होते आणि घरात सगळे कुजबुजत बोलत होते. भेटायला येणारे लोक चपलांबरोबर चेहराही दारात काढून ठेवत आणि दुसरा, अधिक दुःखी असा, घालून आत येत. दाजींना आजाराचा नव्हे, या चेहऱ्यांचा कंटाळा आला होता.

त्यांची एकुलती लेक वच्छी चारठाण्याला दिली आहे. तिला तीन महिन्यांची मुलगी होती, आणि दाजींनी नातीचे तोंड पाहिले नव्हते. पहिले बाळंतपण खरे म्हणजे माहेरचे. पण दुखणेकऱ्याच्या घरात बाळंतीण नको म्हणून सासरच्यांनी तिला पाठवले नाही. आता इथे त्या भागातली एक रीत सांगायला हवी. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही. लग्नाला तीन वर्षे झाली. त्या काळात दाजी दोनदा चारठाण्याला गेले होते आणि दोन्ही वेळा शेजारच्या घरी जाऊन पाणी प्याले होते.

“बघा पुणेकर,” दाजी मला म्हणाले. (माझे नाव त्यांना ठाऊक आहे, ते वापरीत नाहीत.) “रांजणभर पाणी पचायचं तवा लेकीच्या घरी प्यायची बंदी. आता बंदी उठली, तर पाणीच मोजून आलं. मला तिच्या हातचं एक फुलपात्र पाणी प्यायचंय. अख्खं. चारी रेघा. चला चारठाण्याला.”

ताई पदर तोंडाला लावून म्हणाली, “अहो, वाटेत काही झालं म्हणजे?”

“अन् हितं काही झालं म्हणजे तू काय करणार हायेस? रडशीलच ना? ते माघारी आल्यावर रड.”

“ह्यांना सांग ना रे तू काही,” ताई माझ्याकडे वळली. दाजींच्या पुढे तिला मी आठवतो, यावरूनच तिची हतबलता कळावी. मला चारठाण्याची जुनी देवळे पाहायचीच होती. मी निःपक्षपातीपणे दाजींच्या बाजूने मत दिले.

निघालो त्या पहाटे दाजींनी फेटा बांधला. खाटेवरच्या माणसाने फेटा बांधला की तो किती निराळा दिसतो! दोन रेघांचा चहा, एका रेघेत औषध, तेरा उरल्या. छकडा स्टेशनाच्या वाटेला लागला, बैलांच्या घुंगरांनी ताल धरला, आणि दीड वर्ष आढे मोजत पडलेला हा माणूस दोन्ही बाजूंच्या शेतांची नावे घेऊ लागला. “ही देशमुखाची काळी. ह्या बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते, मधी मी साखळी घेऊन. तो लिंब माझ्या नकाशात हाय!” नकाशातला लिंब जागेवर आहे हे पाहून त्यांना झालेला आनंद मला कुठल्याही तीर्थक्षेत्री पाहायला मिळालेला नाही.

गाडीत खिडकी मिळाली. ताईने धपाट्यांची दोन पुडकी दिली होती, एक मिठाचे माझ्यासाठी आणि एक अळणी दाजींसाठी. परभणी सोडल्यावर मी भुकेने एक सोडले आणि चारही धपाटे खाल्ले. चव जरा शांत वाटली, पण बहिणीच्या हाताला नावे ठेवू नयेत म्हणून “उत्तम झालेत” असेही म्हणालो.

“झाले ना?” दाजी म्हणाले. “तुमच्या बहिणीला कळवतो. वर्षभरात माझ्या जेवणाला कुणी चांगलं म्हणलं न्हवतं.”

तेव्हा मला काय खाल्ले ते कळले. मिठाचे पुडके शेजारच्या प्रवाशाला देणे एवढेच प्रायश्चित्त उरले होते. हा प्रवासी सरकीच्या पोत्यांबरोबर निघालेला एक गृहस्थ होता. धपाटे खाऊन त्याने उपकार फेडायला आपली सुरई पुढे केली. दाजींनी आपले फुलपात्र काढून दोन रेघा मोजून घेतल्या. प्रवासी पाहतच राहिला.

“बस? येवढंच?”

“गुर्दे (मूत्रपिंडे) बसलेत,” दाजी म्हणाले आणि बंडीच्या खिशातून एक घडी घातलेले कात्रण काढले. हे कात्रण मीच त्यांना पुण्याहून एका मासिकातून पाठवले होते. परदेशात म्हणे गुर्दे बंद पडलेल्या रोग्याचे रक्त नळीने बाहेर काढून, रांजणाएवढ्या यंत्रात धुऊन, पुन्हा अंगात घालतात. दाजींना ते पाठ झाले होते, तरी ते वाचून दाखवत.

“रक्त धुत्यात?” प्रवासी म्हणाला. “साबण कंचा?”

“ते लिहिलेलं न्हाई.”

“मुंबईला हाय का असलं यंत्र?”

“अजून न्हाई.”

“मग काय उपेग,” असे म्हणून त्याने माझ्या चारही धपाट्यांचा शेवटचा घास घेतला. त्या कात्रणावर पुण्याच्या एका डॉक्टरने माझ्याशी तासभर चर्चा केली होती. निष्कर्ष हाच निघाला होता.

सेलूला उतरलो तेव्हा दहा वाजले होते आणि फलाट तापला होता. स्टेशनाबाहेर एक कमान होती, राज्य बदलल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ उभारलेली. आनंद ओसरला होता, कमान एका बाजूला झुकून उभी होती आणि तिच्या सावलीत एक शेळी. खाणावळीत दाजींनी जोंधळ्याची भाकरी साखरेशी खाल्ली. मी झणझणीत पिठले मागवले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. “वळा की इकडं,” ते म्हणाले. “वासाला बंदी न्हाई.” जेवणावर त्यांच्या तीन रेघा गेल्या. आठ उरल्या. त्यांतल्या चार राखायच्या, म्हणजे सांजेपर्यंत खर्चायला फक्त चार. अकरा वाजता सावली पायाखाली आली होती आणि जिनिंगच्या बाजूने येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता.

मोटारीला अवकाश होता. बाजारपेठेतून जाताना ताशे ऐकू आले. एका कापसाच्या व्यापाऱ्याने, ज्यांना सगळे शेटजी म्हणत होते, पाणपोई घातली होती आणि तिचे उद्घाटन चालले होते. पताका, सतरंजी, तीन रांजण, त्यांवर ओली फडकी. पाणपोईवर पाण्यापेक्षा शेटजींच्या वडिलांचे नाव मोठ्या अक्षरांत होते. ज्या अधिकाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचे ते अर्थातच आले नव्हते. शेटजींनी गर्दीवरून नजर फिरवली आणि त्यांना दाजींचा फेटा दिसला.

“अरे! मोजणीसाहेब! आमच्या जिनिंगची जागा ज्यांनी मोजली ते! या, या, साक्षात पुण्य चालत आलं!”

पुण्याला खुर्चीत बसवण्यात आले. शेटजी बोलायला उभे राहिले. त्यांनी सुरुवात गंगावतरणापासून केली. गंगा शंकराच्या जटांत अडकली तिथे पंधरा मिनिटे गेली. रांजणांसमोर उभे असलेले हमाल आणि बाजाराला आलेल्या बाया हे सगळे उन्हात, कोरड्या तोंडाने, पाण्याचे महत्त्व ऐकत होते. शेवटी गंगा सेलूला पोचली. एका चांदीच्या पेल्यात वाळा घातलेले पाणी ओतले गेले आणि, कुठून मिळवले कोण जाणे, त्यात बर्फाचा खडा पडला. त्याचा टण्‌ असा आवाज झाला. दाजींचा घसा हललेला मी पाहिला.

“पहिला पेला साहेबांनी घ्यावा. पूर्ण!” शेटजी म्हणाले. “म्हणजे उद्घाटन झालं.”

तो पेला म्हणजे सहज आठ रेघांचा होता. दाजींनी तो दोन्ही हातांत धरला. बाहेरून पेल्यावर थेंब धरले होते. ते पेल्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे, आणि सगळे सेलू आम्हा दोघांकडे. मग दाजी उठले, सतरंजी ओलांडून पुढे गेले, आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातात त्यांनी पेला दिला.

“पहिला मान तान्हेल्याचा,” ते म्हणाले.

बाईने मोळी न उतरवता एका दमात पेला रिकामा केला, बर्फ कडाकडा चावला आणि विचारले, “आजून हाय का?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेटजींनी डोळे पुसले. असे त्यागी सरकारी नोकर आता राहिले नाहीत, असे माझ्या शेजारचा एकजण म्हणाला. निजामाच्या काळातही नव्हते, हे मी त्याला सांगितले नाही. गर्दीतून बाहेर पडल्यावर दाजींनी माझा दंड धरला.

“जीव गेला माझा, पुणेकर. बर्फ होता त्यात. बर्फ!” आणि ते हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबवायला एक रेघ खर्ची पडली. मोटार सुटेपर्यंत आणखी दोन गेल्या. पाच उरल्या.

मोटारीने आम्हाला चारठाण्याच्या फाट्यावर सोडले आणि ती आपल्यामागे धुळीचा डोंगर उभा करून गेली. व्याह्यांची गाडी तिथे यायची होती. ती आली नाही, कारण आम्ही येत असल्याचे पत्र, हे नंतर कळले, आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचले. फाट्यावर एक लिंब होता, लिंबाखाली शे-दीडशे मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती, आणि मेंढरांच्या पलीकडे एक नवरा-बायको बसली होती. तो मारोती, ती धुरपता. कपाळावर बचकभर भंडारा लावलेला मारोती उठला, घोंगडी झटकून त्याने दाजींना बसायला घातली, आणि धुरपताने, दुसरे काय, चऱ्हाट बांधलेल्या कळशीतून तांब्या भरला.

दाजींनी हात जोडले. “नगं माय.”

तिचा चेहरा पडला. “का वं? आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?”

दिवसभर दाजींनी युक्त्या केल्या होत्या. इथे त्यांना युक्ती सुचेना, किंवा करावीशी वाटेना. त्यांनी सगळे सांगितले: गुर्दे, सूज, फुलपात्र, रेघा, नात आणि लेकीच्या हातचे पाणी. मारोतीने फुलपात्र हातात घेऊन आतल्या रेघांवरून बोट फिरवले.

“गुर्दा बसला म्हना की,” तो गंभीरपणे म्हणाला. जन्मभर बोकड कापलेल्या माणसाला शरीरातला हा अवयव डॉक्टरांइतकाच जवळून माहीत असतो. “आन् पाच रेघा ऱ्हायल्या, त्यातल्या चार वच्छीबाईच्या. म्हंजी चारठान्यापत्तुरच्या दोन कोसाला येक.”

“आता गाडी येईल,” मी म्हणालो. “पत्र तर मी स्वतः टाकलंय. तसं टपाल खातं आता पुष्कळ सुधारलंय, पूर्वी एवढ्या अंतराला आठ आठ दिवस...”

“हे पाव्हणं लय बोलायलेत,” मारोती दाजींना म्हणाला. “यांना तान न्हाई लागत?”

“पुण्याचे हायेत,” दाजी म्हणाले. मारोतीला ते पुरेसे वाटले.

त्याने ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गुळगुळीत गोटी निवडून आणली, आपल्या पटक्याला पुसली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली. “जिभंखाली धरा. तोंडाला पानी सुटतंय. आन् तोंड मिटा. बोलनारा मानूस लौकर वाळतो. आमी मेंढरामागं दिस काढतो तो काय हांडा डोईवर घिऊन न्हाई.” धुरपताने आणलेला तांब्या परत नेला नाही. तिने दाजींची दस्ती (हातरुमाल) मागितली, ती भिजवली आणि त्यांच्या मानेवर घातली. “हे तरी मोजीत न्हाईत ना?” ती म्हणाली.

गोटी तोंडात टाकण्याआधी दाजींनी कात्रण काढलेच. त्यांना ते दाखवल्यावाचून राहवत नसे. मारोतीने यंत्राचे धुरकट चित्र उलटसुलट करून पाहिले. धुरपताने विचारले, “मंग त्यो मानूस यंत्रापाशीच बसून ऱ्हातो?”

“काही तास. मग सुटतो.”

“आन् सुटल्यावर काय करतो?”

दाजींनी कात्रण वाचले. पुन्हा वाचले. मला दिले, मीही वाचले. दोन रकान्यांत नळ्यांची लांबी होती, पाण्याचे उष्णतामान होते, शास्त्रज्ञांचे कौतुक होते. ते कात्रण मी पाठवले होते, तीनदा तपासले होते, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

“तेच लिहिलेलं न्हाई,” दाजी म्हणाले.

“मंग अर्धंच लिवलंय,” धुरपता म्हणाली आणि शेळी सोडायला उठली.

गाडी येत नाही हे मलाही पटले. मेंढरांचा तळ चारठाण्याच्या अंगालाच पडायचा होता. मारोतीने आपल्या तट्टावरची भांडी, घोंगड्या आणि दोन कोकरे उतरवून ती धुरपताच्या आणि माझ्या अंगावर वाटली. (एक कोकरू माझ्या वाट्याला आले. त्याने माझ्या सदऱ्याची एक गुंडी खाल्ली.) दाजींनी एक रेघ पाणी घेतले, गोटी जिभेखाली धरली, आणि पैमाइशीतला तो माणूस कित्येक वर्षांनी घोड्यावर चढला.

मिरवणुका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि शक्यतो त्यांच्या उलट दिशेने चालतो. ही एकच अशी, की जिच्यात मी आनंदाने सामील झालो. पुढे दीडशे मेंढरे, त्यांच्या खुरांची सोनेरी धूळ, तिच्यात कमरेइतके बुडालेले तट्टू, तट्टावर अबोली फेट्याचे दाजी, मानेवर ओली दस्ती. उन्हे कलली होती. डाव्या अंगाला टेकड्यांच्या रांगा तांबूस झाल्या होत्या आणि पळस विझत आले होते. दाजी बोलू शकत नव्हते, म्हणून हातवारे करत होते: हा बांध, ती हद्द, तो दगड! एका दगडापाशी त्यांनी तट्टू थांबवायला लावून मला खाली काय आहे ते बघायला पाठवले. दगडावर छिन्नीची खूण होती. मी ‘आहे’ अशी मान हलवली. त्यांनी घोड्यावरूनच दोन्ही हात वर केले.

गावात शिरतानाच चारठाण्याचा जुना कोरीव दगडी स्तंभ दिसला, संध्याकाळच्या उजेडात उंच आणि एकटा. पडक्या देवळाच्या खांबाला कुणाची तरी म्हैस बांधलेली होती. मी थांबणार होतो. पण मेंढरांमागून चालणाऱ्याला थांबता येत नाही.

व्याह्यांच्या दारात माणसे जमा झाली. विहीणबाई पुढे आल्या. दणकट बाई, आवाज शिवारभर जाईल असा. “अगं बया! व्याही! घोड्यावर? बरं हाय ना?” दाजींनी मान डोलावली. “कवा निगाले?” दाजींनी हात वर केला. “अहो बोला की!” दाजींनी तोंडाकडे बोट केले. विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. “वाचा बसली जनू! अगं वच्छे, तुझ्या बापाची वाचा गेली!”

दाजींनी गोटी काढून दस्तीत गुंडाळली. “न्हाई गेली,” ते म्हणाले. “राखून ठेवली होती.”

वट्ट्यावर (ओट्यावर) घोंगडी अंथरली. व्याही म्हणाले, “आता परकेपना सरला. नात झाली, रीत फिटली. आज आमच्या घरचं पानी प्यायाचं.” विहीणबाईंनी घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या आणला, काठोकाठ. “समदा तांब्या! खाली थेंब ठिवला तर आमी कमी पडलो म्हनायचं.” वट्ट्याखाली शेजारीपाजारी उभे होते. दाजींनी माझ्याकडे पाहिले. सगळा दिवस ज्याच्यासाठी काढला ते समोर होते, आणि ते चौपट होते.

तेवढ्यात वच्छी आली. तिने बाळ माझ्या हातात दिले, बापाच्या पाया पडली, आणि काही न विचारता त्यांच्या पिशवीत हात घालून फुलपात्र काढले. आईने मागेच एका पत्रात तिला सगळे लिहिले होते. आतल्या रेघा तिने बोटाने चाचपल्या.

“किती उरल्या, दादा?”

“चार.”

तिने सासूच्या हातचा तांब्या घेतला आणि फुलपात्र भरले. चौथ्या रेघेला बरोबर थांबली.

“ऐका!” विहीणबाई कडाडल्या. “बापाला पानी मोजून देती! माझ्या घरात! लोकं काय म्हनतील?”

“आत्याबाई,” वच्छी म्हणाली, “त्यांनी सगळ्या तालुक्याला जमीन मोजून दिली. त्यांना बिनमोजलेलं पचत न्हाई.”

खाली कुणीतरी हसले. मग व्याही हसले. विहीणबाईंनी तोंड उघडले आणि, हे त्या घरात पहिल्यांदाच घडले असे मला नंतर सांगण्यात आले, पुन्हा मिटले.

दाजींनी ते पाणी प्यायला किती वेळ घेतला म्हणून सांगू? एक घोट, मग थांबणे. मग दुसरा. पहिली रेघ उघडी पडली, दुसरी पडली. वच्छी समोर उकिडवी बसून फुलपात्राच्या तळाकडे पाहत होती. मारोती वट्ट्याला टेकून उभा होता आणि त्याच्या ओठांची हालचाल होत होती, बहुधा तो मोजत असावा. शेवटचा घोट दाजींनी तोंडात बराच वेळ धरला. मग गिळला आणि फुलपात्र पालथे करून दाखवले.

“गोड हाय,” ते म्हणाले.

वच्छीने पदराने नाक पुसले, माझ्याकडून बाळ घेतले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. तीन महिन्यांच्या त्या मुलीने आजोबांचा फेटा पाहिला, मिशा पाहिल्या, जरा विचार केला, आणि मनसोक्त मुतली.

“अगं बाई, उचल! उचल तिला!” विहीणबाई धावल्या. “व्याह्यांचं धोतर...”

“हात लावायचा न्हाई कुनी!” दाजी ओरडले. दीड वर्षात असा आवाज त्यांनी काढला नव्हता. ते मांडी जराही न हलवता, पाठ ताठ करून बसले होते आणि तोंडभर हसत होते. “चालू द्या! पुणेकर, बघा! काय धार हाय! दोन्ही गुर्दे ठणठणीत! अगं वच्छे, घराण्यात कुनाचे तरी चालायलेत की!”

मी सत्कार पाहिले आहेत, पदव्या वाटताना पाहिल्या आहेत, मानपत्रे घेताना लोकांचे चेहरे पाहिले आहेत. इतका सन्मानित चेहरा मी पाहिलेला नाही.

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. सकाळी दाजी नडगीवर अंगठा दाबून पाहत. सुजेत पडणारा खड्डा ताडकळसला होता तेवढाच होता. मी देवळे पाहिली आणि वहीभर टिपणे केली. दाजी बाळाला घेऊन वट्ट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दर किती वेळाने मुतते ते सांगत. विहीणबाई त्यांच्यासाठी अळणी वांगे स्वतः भाजत आणि स्वतःच्या ताटात मीठ वाढून घेताना त्यांच्याकडे पाठ करत. निघताना व्याह्यांची गाडी फाट्यापर्यंत आली. आमचे पत्रही त्याच सकाळी आले. ते आम्ही वाटेत वाचले.

ताडकळसला पोचल्यावर ताईने आधी त्यांचे पाय पाहिले, मग तोंड पाहिले, मग ती रडली, ठरल्याप्रमाणे. दाजींनी खाट बाहेर ओसरीत काढायला लावली. भेटायला येणाऱ्यांना आता दारात दुसरा चेहरा घालायला वेळच मिळत नाही, कारण उंबऱ्याबाहेरूनच घोडा, मेंढरे आणि पाणपोईची हकीकत सुरू होते. दाजींचा आजार गेलेला नाही. तो जाणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. सोळाच्या सतरा रेघा झालेल्या नाहीत. पण कुठल्या रेघेवर काय करायचे हे आता ते ठरवतात.

पुण्यात मला पुष्कळांनी विचारले, इतक्या आजारी माणसाला घेऊन उन्हातान्हात जाण्यात शहाणपण कोणते? मी त्यावर गाडीत विचार केला आहे. माणसाचे दिवस वाढवणे आणि आलेला दिवस वापरणे ही दोन निराळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यात अजून एकही तज्ज्ञ नेमलेला नाही. तोवर ते काम ज्याचे त्याने, जमेल तेव्हा, जमेल त्या वाहनाने करावे असे माझे मत झाले आहे. दाजींचे मत अधिक थोर आहे. ते म्हणतात, नातीने मांडीवर घातलेला त्या संध्याकाळचा ओलावा त्यांना जन्मभर पुरेल.

धोतर पाव तासात वाळले.